हात जुना, पाटी नवी

मैत्रिणींनो,

या खेपेला खरे तर पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीबद्दल लिहायचे ठरवले होते. तिखट-हळदीचे डबे, गव्हाला लावायचे एरंडेल, पापडांची ऊन्हे, सगळी टिपणे काढून ठेवली होती. पण मुलुंडहून एका भगिनीचे पत्र आले आणि डबे बाजूला राहिले. आपल्या या सदरात घरच्या अडचणींचा विचार होतो, आणि घरातल्या माणसाची नोकरी डळमळू लागली तर त्याहून मोठी घरची अडचण कोणती?

पत्र चार पानी आहे. सगळे छापणे शक्य नाही, त्यांचीही तशी इच्छा नाही. थोडक्यात सांगते. त्यांचे यजमान ड्राफ्ट्समन आहेत, वय सत्तावन्न. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षांचा सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि १९८८ साली एका आर्किटेक्टच्या लहानशा ऑफिसात लागले, ते आजतागायत तिथेच. साहेब जुन्या वळणाचे. ऑफिसात कॉम्प्युटर आले, नवी मुले आली, तरी यांचा बोर्ड खिडकीपाशी तसाच राहिला. जुन्या इमारतींची मापे घेऊन त्यांचे नकाशे काढायचे, फर्निचरचे तपशील काढायचे, मुलांची ड्रॉइंगे तपासायची, हे त्यांचे काम. दिवाळीनंतर साहेब निवृत्त झाले. कारभार मुलाच्या हाती आला. त्याने गोड शब्दांत सांगितले, "काका, सहा महिन्यांत ऑटोकॅड शिकून घ्या. नाहीतर तुम्हाला ठेवणं मला अवघड जाईल."

पत्राच्या शेवटच्या ओळी त्यांच्याच शब्दांत देते. "मुलाने लॅपटॉप आणून दिला, तो कपाटावर धूळ खात पडलाय. विषय काढला की हे उठून गॅलरीत जातात. परवा रात्री दोन वाजता पाहते तर दिव्याखाली बसून पेनं धूत होते. वर्षभर वापरात नसलेली पेनं! ताई, ह्या वयात जमेल का हो त्यांना? आणि मी काय करू?"

खरं सांगते, त्या पेनांपाशी मी थांबले. पुढे वाचवेना. कारण हेच दृश्य मी सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या बोरिवलीच्या घरात पाहिले आहे.

आमच्या घरची गोष्ट

मी स्वतः १९८० ते १९८६ अशी सहा वर्षे अंधेरीच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावे लागेल. सरकारी भाषेत ड्राफ्ट्समनला 'आरेखक' म्हणतात आणि ट्रेसरला 'अनुरेखक'. आरेखकाने पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे आणि आम्ही त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून ते शाईने उतरवायचे. ते ट्रेसिंग मग अमोनिया प्रिंटच्या खोलीत जायचे. त्या खोलीत शिरले की कांदा चिरल्यासारखे डोळे चुरचुरत. शाईची रेघ चुकली तर ब्लेडच्या कडेने हलकेच खरवडायची, कागद फाटू द्यायचा नाही. एका थेंबाने अर्ध्या दिवसाचे काम वाया जाई.

आमचे हे त्याच ऑफिसात ड्राफ्ट्समन. लग्न तिथेच जमले हे ओघाने आलेच! ह्यांचा हात मी जवळून पाहिलेला. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक एका बाजूने झिजत नाही आणि रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी येते. रोट्रिंगची पेने ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ अशी ओळीने लावलेली. पुढचे पेन मागच्याच्या साधारण १.४ पट जाड. यात गंमत अशी की मोठा कागद छापताना एक आकार लहान केला तर प्रत्येक रेघ बरोबर तिच्या मागच्या पेनाएवढी होते. ही पेने न धुता ठेवली तर आत शाई वाळते आणि पेन मरते. म्हणून शनिवारी पेने धुवायची, हा नेम. मुलुंडच्या बहिणीबाई, तुमचे यजमान रात्री पेने का धुतात, ते आता कळले ना? आपल्या हाताला अजून किंमत आहे याची ते खात्री करून घेत असतील, दुसरे काय!

१९९८ साली एका सोमवारी हे ऑफिसात गेले, तर बोर्ड जागेवर नव्हते. रविवारी उचलून नेलेले. त्यांच्या जागी सहा कॉम्प्युटर. संध्याकाळी घरी आले ते चहा न घेता झोपले. तेव्हा ह्यांचे वय त्रेचाळीस.

त्या दिवसांत मी तीन चुका केल्या. तुम्ही त्या करू नयेत म्हणून सांगते.

पहिली चूक, धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "सोपं असतं हो, पोरंसोरंसुद्धा करतात." मला वाटले, मी उत्तेजन देते आहे. ह्यांना ऐकू आले ते असे की, जे पोरांनाही जमते ते तुम्हाला जमत नाही.

दुसरी चूक, शेजारच्यांशी तुलना. "त्यांनी बघा, पंधरा दिवसांत शिकून घेतलं." यावर उत्तर आले नाही. मैत्रिणींनो, नवऱ्याचे उत्तर आले नाही की समजावे, घाव बसला.

तिसरी चूक मी केली नाही, पण होऊ दिली. ह्यांनी घरी एक जुना कॉम्प्युटर हप्त्याने घेतला. आमचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. बाबांचा माउस अडखळला की तो म्हणायचा, "असं नाही बाबा, द्या इकडे," आणि हातातून माउस ओढून चटकन करून दाखवायचा. त्यानंतर हे आठ दिवस त्या खुर्चीवर बसले नाहीत. शिकवणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, हा नियम मी त्यानंतर घरात केला. तोंडाने सांगा, बोटाने दाखवा, दहा वेळा चुकू द्या. पण माउस त्यांच्याच हातात राहू द्या.

चित्र काढायला शिकायचे नाही

कॉम्प्युटर ड्रॉइंग काढतो, असे आपण म्हणतो. ते खरे नाही. ड्रॉइंग माणूसच काढतो, फक्त पाटी बदलते. ही पाटीही काही कालची नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या तरुणाने १९६३ साली 'स्केचपॅड' नावाची व्यवस्था तयार केली. तीत पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघा काढता येत. साध्या कॉम्प्युटरवर चालणारे ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस बाजारात आले. म्हणजे मी अंधेरीला ब्लेडने शाई खरवडत होते, तेव्हा माझ्या नोकरीचे काय होणार हे तिकडे ठरून गेले होते! आज तर मुंबईत महापालिकेकडे बांधकाम परवानगीसाठी नकाशे कॉम्प्युटरच्या फायलीत, ऑनलाइन द्यावे लागतात. हाताने काढलेला नकाशा कितीही देखणा असला तरी तिथे चालत नाही. तेव्हा तो तरुण मालक दुष्टपणाने बोलला असे मला वाटत नाही. त्याचीही अडचण आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या यजमानांना ड्रॉइंग शिकायचे नाही, ते त्यांना येते. त्यांना शिकायची आहेत जुन्या ओळखीच्या वस्तूंची नवी नावे. मी ट्रेसर असल्यामुळे ह्यांच्या शेजारी बसून एका वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे जुने, उजवीकडे नवे. ती वही आजही आहे. त्यातले थोडे उतरवते, यजमानांना वाचून दाखवा.

टी-स्क्वेअर म्हणजे 'ऑर्थो'. एफ-८ ची कळ दाबली की रेघ आडवी किंवा उभीच जाते, तिरकी जात नाही. सेट-स्क्वेअर म्हणजे 'पोलर', एफ-१०. त्यात ३०, ४५ असे कोन लावून ठेवता येतात. भिंतीची दुसरी रेघ समांतर ओढायची तर 'ऑफसेट'. अंतर सांगा, बाजू दाखवा, झाले. रेघेचे टोक नेमके पकडायला आपण डोळे बारीक करायचो, त्या नजरेचे नाव 'ऑब्जेक्ट स्नॅप', एफ-३. रबर म्हणजे 'इरेज'. कोपऱ्यातून बाहेर गेलेली रेघ छाटायची ती 'ट्रिम'ने, भाजीचे देठ खुडावेत तशी. खोलीच्या उजव्या बाजूचे ड्रॉइंग डावीकडे उलटून हवे असले, तर आम्ही ट्रेसिंग पालथे घालून गिरवत असू. त्याला आता 'मिरर' म्हणतात.

सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे 'लेयर'. एकावर एक ठेवलेली ट्रेसिंगेच ती. भिंतींचे एक, दारे-खिडक्यांचे दुसरे, विजेचे तिसरे, पाण्याच्या नळांचे चौथे. आपला चार कप्प्यांचा डबा असतो ना, तसे. हवा तो कप्पा उघडायचा, बाकीचे झाकून ठेवायचे. यजमानांना महापालिकेच्या नकाशांचे रंग तोंडपाठ असणार. पाडायच्या कामाला पिवळा, नव्या कामाला लाल, ड्रेनेजला लाल तुटक रेघ. त्याच हिशेबाने लेयर पाडायचे. ज्याला हे रंग माहीत आहेत त्याला लेयर शिकवावे लागत नाहीत, नुसते दाखवावे लागतात.

एका जागी मात्र जुने लोक हटकून अडतात, आमचे हेही अडले. ती जागा स्केलची. हातच्या कामात आधी स्केल ठरते. १:१०० म्हटले की नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटर, कागदावर २.३ मिलिमीटर. हा भागाकार त्यांच्या डोक्यात आपोआप होतो. कॉम्प्युटरमध्ये तो करायचाच नाही! भिंत २३० ची तर २३० च काढायची, जणू कागद इमारतीएवढा मोठा आहे. स्केल ठरते ती शेवटी, छापताना. म्हणून त्याच ड्रॉइंगावर लिहिलेली अक्षरे १:१०० च्या छापील कागदावर अडीच मिलिमीटर उंच हवी असतील, तर ती लिहिताना २५० उंच लिहायची. ह्यांना हे पटायला चार दिवस लागले. पटले त्या संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "म्हणजे आपण मापं घेतो तशीच्या तशी घालायची. मग सोपंच की!" सोपे हा शब्द त्यांच्या तोंडून आला, माझ्या नव्हे. तो तसाच यावा लागतो.

तीन महिन्यांचा बेत

आमच्या घरी रोज एक तास याप्रमाणे साधारण तीन महिने लागले. तुमच्याकडे सहा आहेत. घाई नको.

पहिले आठ दिवस ड्रॉइंगाचे नाव काढू नका. फक्त हात बसू द्या. ह्यांनी माउस शिकला तो पत्ते खेळून. विंडोजमध्ये १९९० पासून पेशन्सचा डाव दिलेला असे. पत्ता उचलून दुसरीकडे ठेवता ठेवता माउस ओढायची सवय होते. मी कौतुकाने म्हणायची, "लागला का डाव?" एकदा डाव लागू लागला की भीती जाते.

त्यानंतरचे तीन आठवडे स्वतःचे घर काढायचे. टेप घ्या आणि टेपचे दुसरे टोक तुम्ही धरा. हे मी मुद्दाम सांगते आहे. आम्ही दोघांनी रविवारभर आमच्या दोन खोल्यांची मापे घेतली. ओटा, मोरी, गॅलरी, दाराची चौकट, सगळे. तेव्हा कळले की आमच्या स्वयंपाकघराची भिंत ओट्यापाशी इंचभर बाहेर आहे! पंधरा वर्षे मी त्या फटीत पडलेले चमचे काढत होते, कारण ते. हे मोठ्याने हसले. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा हसले. घरच्या नकाशाचा फायदा असा की चूक झाली तर उठून पाहता येते, आणि ऑफिसातले कोणी बघत नसते.

दुसऱ्या महिन्यात त्यांचे हातचे एखादे जुने, आवडते ड्रॉइंग घ्या आणि तेच पुन्हा कॉम्प्युटरवर काढायला सांगा. त्याच स्केलला छापून आणा. मग जुने ट्रेसिंग वर आणि नवा कागद खाली, असे खिडकीच्या काचेवर धरा. रेघेवर रेघ बसली की दुसऱ्या कुणाच्या प्रशस्तिपत्राची गरज राहत नाही. तिसऱ्या महिन्यात ऑफिसातले खरे काम, पण छोटे. एक जिना, एक संडास-बाथरूम, एक कपाट.

पैशांचेही बोलू. लगेच मोठी फी भरून क्लास लावू नका. आधी ऑफिसात विचारा की तिथे कोणता प्रोग्राम वापरतात, आणि कामाआधी तासभर तिथल्याच मशीनवर बसू देतील का. घरी सरावाला 'लिब्रेकॅड' नावाचा प्रोग्राम आहे, तो विनामूल्य आणि रीतसर मिळतो. सपाट नकाशांना तो पुरतो आणि त्यातली डीएक्सएफ फाइल ऑफिसच्या ऑटोकॅडमध्ये उघडते. कुणी चोरीची प्रत फुकट देतो म्हणाले तर नको म्हणा. क्लास लावलाच तर वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात नको, स्वतंत्र वेळ मागून घ्या. इतकी वर्षे ज्यांनी ड्रॉइंगे तपासली, त्यांना मागच्या बाकावर बसून माना खाली घालायला लावू नये.

डोळ्यांचे विसरू नका. वाचायचा चष्मा फूट-सव्वा फुटासाठी असतो आणि पडदा असतो दीड-दोन फुटांवर. बायफोकलमधून पाहताना माणूस हनुवटी वर करून बसतो, आणि मग मान धरते. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचे अंतर मोजून सांगा, त्या अंतराचा चष्मा करून मिळतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या एखाद्या झाडाकडे वीस सेकंद पाहावे. आणखी एक युक्ती. ऑटोकॅडचा पडदा काळसर असतो. ज्याने आयुष्यभर पांढऱ्या कागदावर काळी रेघ पाहिली त्याला ते अंधारात चाचपडल्यासारखे वाटते. 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन पार्श्वभूमी पांढरी करता येते. पहिल्याच दिवशी करून द्या. तेवढ्यानेही जीव रमतो.

आणि 'सेव्ह'. दूध तापत ठेवले की आपले एक लक्ष गॅसकडे असते ना, तसे. दर दहा मिनिटांनी कंट्रोल आणि एस. आमच्याकडे एकदा पावसात लाइट गेले आणि तीन तासांचे काम गेले. मला वाटले, आता हे कायमचे उठणार. पण म्हणाले, "शाई सांडली की असंच व्हायचं," आणि पुन्हा बसले. त्या दिवशी मला कळले की आता हे शिकणार.

घेणे आणि देणे

पण खरे वळण वेगळ्याच कारणाने लागले. आमच्या वरच्या मजल्यावर डिप्लोमाला शिकणारा एक मुलगा होता. कॉम्प्युटरवर त्याची बोटे नाचत, पण इमारतीचा छेद काढायला सांगितला की गाडी अडे. त्याच्या आईने ह्यांना गळ घातली. मग असे ठरले की रोज संध्याकाळी अर्धा तास त्याने ह्यांना कमांड सांगायच्या आणि अर्धा तास ह्यांनी त्याला सेक्शन समजावायचे.

एकदा त्याने एका बंगल्याचा जिना काढून आणला. पडद्यावर सुरेख दिसत होता. ह्यांनी पाच सेकंद पाहिले आणि म्हणाले, "सातव्या पायरीवर माणसाचं डोकं बीमला आपटेल." मुलाने माप घेतले, आणि खरंच की हो, तिथे साडेपाच फूटही उंची उरत नव्हती! तो चूक झाली म्हणून कावराबावरा झाला आणि हे त्याला समजावत बसले. त्या दिवसापासून माउसचा संकोच गेला.

याचे कारण मी पुष्कळ दिवस शोधत होते. हाताच्या कामात चूक महाग पडते. ब्लेडने खरवडा, नाहीतर सगळे पुन्हा काढा. त्यामुळे जुना माणूस रेघ ओढण्याआधी विचार करतो. जिना चढून, दार उघडून, मनातल्या मनात घरभर फिरून येतो. कॉम्प्युटरवर चूक फुकट असते. कंट्रोल-झेड दाबले की पुसली. म्हणून नवी मुले आधी काढतात, मग विचार करतात, कधी कधी करतच नाहीत. दोघांकडे एकेक गोष्ट आहे आणि दोघांना दुसऱ्याची हवी आहे. तेव्हा मुलुंडच्या बहिणीबाई, यजमानांसाठी शिक्षक शोधू नका, विद्यार्थी शोधा. ऑफिसातल्याच एखाद्या मुलाशी असा सौदा करायला सांगा. फुकट घेण्यात मान खाली जाते, देवाणघेवाणीत जात नाही.

आता तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर. ह्या वयात जमेल का? रोज तासभर बसले तर घर, जिना, कपाट यांचे साधे नकाशे जमतील, असा माझा अनुभव सांगतो. पंचविशीच्या मुलाचा वेग येणार नाही आणि तो आणायचा अट्टाहासही करू नये. डोळे किंवा मनगट साथ देत नसेल, तर निमूटपणे राजीनामा देऊ नका. मालकापाशी नीट बोला. उपनगरांत आज जिकडेतिकडे जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या आणि पुनर्विकास चालू आहे. कित्येक सोसायट्यांकडे मूळ नकाशेच नाहीत. जागेवर जाऊन अचूक मापे घेणे, ती कच्च्या नकाशावर मांडणे, मुलांची ड्रॉइंगे बाहेर जाण्याआधी तपासणे, ही कामे जाणत्या नजरेची आहेत. ती करणाऱ्या माणसाला फाइल उघडता आली, माप घेता आले आणि चुकीवर खूण करता आली तरी पुष्कळ झाले. तेवढे तर पहिल्या महिन्यातच येते.

जाता जाता एक गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगत नाही. मुलगा झाल्यावर मी नोकरी सोडली होती. हे कॉम्प्युटरवर रुळले, तेव्हा १९९९ साली मी जुन्या ऑफिसात पुन्हा चौकशीला गेले. आम्हा ट्रेसर मुलींचे खिडकीकडचे लांब टेबलच नव्हते. ड्रॉइंग सरळ कॉम्प्युटरमधून छापून निघत होते, गिरवायला उरले नव्हते काही. आम्हाला कुणी म्हटले नाही, "बाई, सहा महिन्यांत शिकून घ्या." आमची जागा बदलली नाही, गेलीच. म्हणून सांगते, कुणीतरी शिकून घ्या म्हणते आहे, मुदत देते आहे, याचा राग मानू नका. त्यात अजून दार उघडे आहे.

आमचे हे पुढे पंधरा वर्षे त्याच खुर्चीवर काम करून २०१३ साली निवृत्त झाले. आता सत्तर वर्षांचे आहेत. बोर्ड आम्ही टाकला नाही, त्यावर नात चित्रे काढते. पेने दर महिन्याला धुतली जातात. तुमच्या यजमानांचीही टाकू देऊ नका. त्यांना रात्री दोनला धुवायची वेळ येऊ नये एवढेच. रविवारी सकाळी, चहाबरोबर, सगळ्यांसमोर धुऊ देत.

आणि हो, साठवणीचे डबे राहिले, ते पुढच्या अंकी नक्की. आमच्याकडच्या डब्यांवर 'हळद', 'तिखट', 'मेतकूट' ही नावे अजून ह्यांच्याच हाताची आहेत, ०.५ च्या पेनाने लिहिलेली. अठरा वर्षांत एकही अक्षर पुसले गेलेले नाही.

मुलुंडच्या बहिणीबाई, टेपचे दुसरे टोक धरलेत की मला कळवा. तुमच्या स्वयंपाकघराची भिंत सरळ निघते का, तेही लिहा!

तुमची,
ताई